सहकुटुंब सहपरिवार गाणे ऐकण्याची कृती

साहित्य : एक कुटुंब (मध्यम आकाराचे), दोन सतरंज्या, पाण्याच्या चार बाटल्या, भडंगाचा एक पुडा आणि एक मामा.

यातला मामा मिरजेतलाच घ्यावा. सांगलीतला चालतो, पण मग मध्यरात्री रिक्षा शोधत हिंडावे लागते. शिवाय सांगलीचा मामा मिरजेतल्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक करण्याआधी एक सुस्कारा सोडतो. मामाच नसेल तर मावशी, आत्या, गेलाबाजार साडूचा मेहुणा हुडकावा. दक्षिण महाराष्ट्रातल्या घराला हे जड जाऊ नये. गाण्यासाठी नसेल, पण ऑपरेशनसाठी तरी घरातलं कुणी ना कुणी मिरजेत आठ दिवस राहून आलेलं असतंच, आणि तेव्हा डबा कुणी पोचवला होता ते आठवलं की नातं आपोआप सापडतं.

कुटुंब मात्र निवडता येत नाही. घरात असेल तेच वापरावे. आमच्याकडे त्या वर्षी पुढीलप्रमाणे शिल्लक होती : आई, वय सत्तर, भजनी मंडळाची माजी खजिनदार, बायको, जिला गाणं आवडतं, 'पण एवढं नाही', मुलगी, वय चौदा, दोन्ही कानांत स्वतःचं गाणं, मुलगा, वय आठ, समोर येईल ती वस्तू मोजायची सवय, आणि मी. मी या कृतीचा लेखक असल्यामुळे माझे दोष वेगळे देत नाही, ते ओघानं येतीलच.

आता प्रसंग. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. तिथल्या उरुसात, दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. तिकीट नाही. सोफा नाही, पहिली रांग-दुसरी रांग नाही, 'निमंत्रितांसाठी' अशी दोरी बांधलेली नाही. पुण्यात आम्ही ज्या गाण्याला आधी रांग लावून, मग रुमाल टाकून, मग त्या रुमालावरून भांडून बसतो, ते गाणं इथं जमिनीवर मांडी घालून फुकट ऐकायला मिळतं. पुणेकराला हे पचायला थोडा वेळ लागतो. फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, असं वाटत राहतं.

गोम आहे, ती तारखेची. उरूस चांद्रमासावर चालतो. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे उरूस दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. कधी थंडीत येतो, कधी पावसात. आम्ही गेलो त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात, शाळांच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारला धरून आला होता. असा योग दिसला की कुटुंबाला विचारू नये, रिझर्वेशन करावे.

मग घोषणा. घोषणेत 'शास्त्रीय' हा शब्द येऊ देऊ नये. सगळ्यांना एकत्र बसवून एकच कारण सांगण्याचा मोहही टाळावा. आईला सांगावे, 'तुझ्या दादाकडे जाऊन येऊ, गुडघे धरलेत म्हणे त्याचे.' मुलाला सांगावे, 'जत्रेत मोठा पाळणा असतो.' बायकोला सांगावे, 'तीन दिवस तुला स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागणार नाही.' (हे खोटं ठरतं. तिथं मामी एकटी राबताना बघून तिला बसवत नाही, आणि हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. तरी सांगावे.) चौदा वर्षांच्या मुलीला काहीही सांगू नये. चार्जर कुठं लावता येईल एवढं दाखवावे.

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत असत. मामा रेल्वेत होते. पाहुणा आला की चहाच्या आधी हे सांगतात. एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर चढत नाही, फलाटावर मात्र तिन्ही गाड्या निमूट उभ्या राहतात. सहकुटुंब गाणं ऐकायला निघालेल्या माणसानं या माहितीवर प्रवासातच विचार करावा. मी केला नाही. मी कोयना एक्स्प्रेसमध्ये किराणा घराण्यावर व्याख्यान दिलं.

व्याख्यान द्यायचंच असेल तर ते असं द्यावे : खाँसाहेब 1872 सालचे, जन्म उत्तरेत कैराना गावी, म्हणून घराणं किराणा. 'म्हणजे वाणसामानाचं नाही,' हा विनोद करू नये. तो मुलगा करतोच. खाँसाहेब पुढं मिरजेत राहिले, मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा जडली, उरुसात ते स्वतः हजेरी लावत. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. म्हणजे पुण्यात डिसेंबरात जो मोठा वृक्ष दिसतो त्याचं मूळ शोधत आलं की माणूस या चिंचेखाली पोचतो. 1937 च्या ऑक्टोबरात दक्षिणेत प्रवासात असताना त्यांना बरं वाटेनासं झालं, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनात ते उतरले आणि तिथेच, गात गात, गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

इथपर्यंत येईतो माझ्या कुटुंबातल्या तिघांना झोप लागली होती. तेव्हा राखून ठेवलेला कुत्रा बाहेर काढावा. खाँसाहेबांनी टिपू नावाचा एक कुत्रा पाळला होता आणि त्याला सुरात आवाज लावायला शिकवलं होतं, असं सांगतात. आठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टीनं किराणा घराण्याची खरी थोरवी इथे सुरू होते. 'टिपूचं रेकॉर्डिंग आहे?' नाही. 'मग खाँसाहेबांचं?' आहे, पण तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. 'म्हणजे सगळं गाणं तीन मिनिटांत संपायचं?' हो. मुलानं समाधानानं मान हलवली. हा गैरसमज त्याच वेळी दूर करायला हवा होता.

मिरजेत मामांनी दारातच स्वागत केलं. 'आलासा? बसा की निवांत. आधी पाणी प्या.' मिरजेच्या उन्हाळ्यात हा उपचार नसतो, हुकूम असतो. मामींनी कैरीचं पन्हं दिलं, मग कलिंगड, मग जेवण, मग 'थोडं पडा'. पाहुण्यानं या क्रमाला विरोध करू नये. मी शुक्रवारी रात्रीच दर्ग्यात जाऊ म्हणून हटून बसलो तर मामा म्हणाले, 'एवढी काय घाई? अजून तंबोरा गाडीतनं उतरला नसंल.' आम्ही झोपलो. पहिली रात्र अशी वाया घालवावीच. दुसऱ्या रात्रीची भूक त्यामुळे वाढते. निदान मी तरी स्वतःची समजूत तशी घातली.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत कुटुंबाला सतारमेकर गल्लीत न्यावे. इथं सतारी आणि तंबोरे तयार होतात आणि देशभरातल्या गवयांच्या मांडीवर जाऊन बसतात. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. संस्थानं शांत झाली, तलवारींची गरज सरली, आणि ते हात वाद्यांकडं वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही गेलो तेव्हा ते नव्हतं, पण भोपळे होतेच. छताला, भिंतीला, माळ्यावर, जिथं नजर जाईल तिथं मोठाले वाळके भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आईनं एक भोपळा बोटानं टकटक करून पाहिला, बाजारात नारळ पाहतात तसा, आणि विचारलं, 'ह्याची भाजी होते का हो?' कारागीर म्हातारे होते, हसले. 'कडू असतोय, आज्जी. किडा लागत नाही म्हणून तर घ्यायचा.'

मग त्यांनी जवारी दाखवली. घोडीच्या पृष्ठभागाला कानशीनं असा काही उतार द्यायचा की तार त्याला धड टेकतही नाही, धड सुटतही नाही. त्या न टेकण्या-सुटण्यातून झंकार उठतो. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. त्यांनी दोरा केसभर पुढं घेतला. तंबोरा नुसता 'टण्ण' वाजत होता, तो एकदम बोलायला लागला. बायको दारात उभी होती, ती आत आली. मुलीनं एका कानातली बोंडी काढली. दोन्ही नाही, एकच.

एवढ्यावर थांबावे. मी थांबलो नाही. मी बावीस श्रुतींचा विषय काढला, सांगलीच्या कृ. ब. देवलांनी खाँसाहेबांना गायला बसवून श्रुतींची मापं घेतली ते सांगितलं. बोंडी परत कानात गेली.

संध्याकाळची तयारी मात्र गंभीरपणे करावी. डोक्यावर घ्यायला रुमाल. दर्ग्यात उघड्या डोक्यानं जाऊ नये. चपला जुन्या घालाव्यात. सतरंजी एक बसायला, एक पांघरायला, कारण मिरजेत दिवसा कितीही भाजलं तरी पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. भडंग घ्यावे, पण उघडू नये. भडंग हा सांगली-मिरज भागाचा अभिमान असला तरी ते आवाजी खाद्य आहे. चिवडा तोंडात वाजतो. भडंग तोंडात वाजतं आणि त्याचा पुडा त्याहून जास्त वाजतो. गवयानं गंधारावर थांबून डोळे मिटले असताना पुडा फोडण्याचा आवाज कसा येतो हे मी सांगू शकतो, कारण तो आमच्या सतरंजीवरून आला होता. पुडा आईच्या हातात होता. गवयांनी डोळे उघडले, आमच्या दिशेनं पाहिलं, आणि हसले. पुण्यात गवई हसला नसता, आणि शेजारचा श्रोता तर मुळीच नाही.

उरुसाचा रस्ता गर्दीचा. हलव्याच्या कढया, परातीएवढा पराठा, बांगड्या, फुगे, प्लास्टिकच्या बंदुका, गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, उदाचा वास. या उरुसातला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हे मामांनी चपला काढताना सांगितलं. आई पाया पडली, तिथून खाँसाहेबांच्या कबरीपाशी जाऊन पाया पडली, आणि मग 'गाणं कुठाय?' म्हणाली. एवढ्या थोडक्यात तिनं विधी उरकला याचं मला आश्चर्य वाटलं. भजनी मंडळात खजिनदार असताना ती कधीच थोडक्यात उरकत नसे.

जागा निवडताना चिंचेच्या बुंध्याजवळ बसू नये, मुंग्या असतात. ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी बसू नये. पाळणा दिसेल असं बसू नये. आम्ही बसलो तिथून पाळणा दिसत होता.

यानंतर तंबोरा लावतात. सहकुटुंब गाणं ऐकण्यातला सर्वांत अवघड भाग हाच, आणि याचा उल्लेख कुठल्याही संगीतविषयक पुस्तकात मला सापडलेला नाही. दोन तंबोरे, आठ तारा. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा खुंटी. बाहेर जत्रेत भोंगे चालू, त्यातून षड्ज वेचायचा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. 'सुरू झालं का?' नाही. 'मग ते काय वाजवतायत?' तार लावतायत. 'काल नव्हती लावली?' या प्रश्नाला उत्तर नाही. पंचवीस मिनिटांनी (मुलानं घड्याळ लावलं होतं) गवयांनी शिष्याकडं पाहून मान डोलावली, शिष्यानं तंबोरा छेडला, क्षणभर ऐकलं, आणि पुन्हा दुसऱ्या तारेच्या खुंटीला हात घातला. मुलगा माझ्याकडं वळून म्हणाला, 'बाबा, ह्यांच्यापेक्षा टिपू लवकर शिकला असेल.'

मग विलंबित ख्याल. किराण्याचा विलंबित म्हणजे घाई नावाची गोष्ट अजून जगात यायची आहे असं धरून चाललेला. एक एक स्वर हातात घ्यायचा, पुसायचा, उजेडात धरायचा, परत जागेवर ठेवायचा. एकतालाच्या बारा मात्रा; एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागलं तरी कुणी हरकत घेत नाही. मुलाला काही सांगायचं म्हणून मी सम दाखवली. 'इथं सगळे मान हलवतात बघ. परत तिथं आलं की परत हलवतील.' त्यानं ते फार मनावर घेतलं. भिंतीपलीकडं पाळणा फिरत होता, त्याच्या दिव्यांची माळ वर यायची, खाली जायची. थोड्या वेळानं त्यानं निकाल दिला : 'एका समेला पाळणा साडेतीन वेळा फिरतो.' पुढच्या आवर्तनात तो म्हणाला, 'आता चार. पाळणा वाढला की हे हळू झाले?' मी त्याला गप्प बसवणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतले टोपीवाले चाचा मागं वळले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, 'पाळणा वाढला. हे अजून थोडे वाढतील, बघत रहा.'

ते वाढले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

इथं इच्छुकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण बाकी सगळी तयारी चुकली तरी हिच्यावर निभावून जातं. या चिंचेखाली येणारा कलावंत मैफल करायला येत नाही. तो हजेरी लावायला येतो. त्याचं गाणं मीरासाहेबांसाठी, आणि चार पावलांवर झोपलेल्या खाँसाहेबांसाठी. आपण तिथं असलो तर ठीक, नसलो तरी त्याचं काम होणारच. त्यामुळे श्रोता म्हणून आपल्यावर जबाबदारी अशी फारशी उरत नाही. नाट्यगृहात गाणं ऐकताना मी सतत कुणाला तरी दाखवत असतो की मला कळतंय. बायको ते ओळखून आहे. इथं दाखवायचं कुणाला? ज्यांना कळतं ते कबरीत, आणि बाकीचे हलवा-पराठा खाऊन आलेले. पाळण्याच्या भोंग्यावरचं गाणं कोमल ऋषभावर येऊन आपटत होतं आणि गवयांना त्याची तक्रार नव्हती. मीच तेवढा दातओठ खात होतो. शेवटी बायको म्हणाली, 'तू ऐकतोयस की राखण करतोयस?'

पुढं मी राखण सोडली. सहकुटुंब श्रोत्यानं ती साधारण रात्री अकराच्या सुमाराला सोडावी.

आईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ती केव्हाच सरकत सरकत बायकांच्या घोळक्यात गेली होती. एक कुपवाडच्या, एक कर्नाटकातल्या, एक पलीकडच्या गल्लीतल्या. मधल्या काळात चौघींच्या मिळून पाच गुडघ्यांची चर्चा झाली, कुठला डॉक्टर, किती टाके, जिना कधी चढता येतो. बोलणं दबक्या आवाजात आणि बरोबर समेच्या आधी थांबणारं. सम आली की चौघी मान डोलावत आणि मग दुसरा गुडघा. मला वाटलं, आईचं काही लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं मामीला त्या रागाचं चलन आकारात गुणगुणून दाखवलं. नाव तिला माहीत नव्हतं. बंदिशीचे शब्दही लक्षात नव्हते. वळण तेवढं जसंच्या तसं.

आठ वर्षांचा मुलगा मांडीवर केव्हा झोपू द्यावा, हा या कृतीतला शेवटचा आणि नाजूक टप्पा. लवकर झोपला तर दोनला जागा होऊन पाळणा मागतो. उशिरा झोपला तर चिडतो. आमचा द्रुत सुरू झाल्यावर झोपला, म्हणजे नेमकी मोजण्यासारखी गती आली तेव्हा. त्याचं डोकं माझ्या डाव्या मांडीवर पडलं आणि अर्ध्या तासात तो पाय माझा राहिला नाही. उठता येईना. टाळी द्यावी तर हात त्याच्या मानेखाली. निघायचं ठरलं होतं बाराला. बारा वाजले, एक वाजला. दुसरे कलावंत बसले, पुन्हा तंबोरे लागले, ते मी पूर्ण ऐकले, कारण दुसरा इलाज नव्हता. आजवर मी गाणं इतकं सलग कधी ऐकलेलं नाही. चहाला उठलो नाही, फोन पाहिला नाही, ओळखीचं कोण आलंय म्हणून मान वळवली नाही. मुलीनं माझ्या पाठीला पाठ लावून टेका घेतला होता. तिच्या कानात काय चाललं होतं ठाऊक नाही, पण बोंड्यांची वायर तिच्या हातात गुंडाळलेली दिसली.

पहाटे भैरवी झाली. मामा आम्हाला न्यायला आले, मला धरून उभं केलं आणि म्हणाले, 'पाय गेला न्हवं? सगळ्यांचाच जातोय हितं.'

परतीच्या गाडीत मुलानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. उरूस दर वर्षी अकरा दिवस अलीकडं येतो, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, भागाकार करायचा. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, याच तारखांना, उरूस परत यायला तेहतीस वर्षं आणि वर थोडं. त्यानं दोनदा तपासून पाहिलं.

'तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा असेन,' तो म्हणाला.

'बरं मग?'

'बरं होईल. तोपर्यंत त्यांचा तंबोरा लागलेला असेल.'